सुटलेल्या माणसाची तीस एकर

अबू हलीफा, कुवेत
शुक्रवार, २९ जानेवारी १९९९

प्रिय बाळा,

तुझं कार्ड पोचलं. चारच ओळी होत्या, पण त्या चार ओळींनी मला पंधरा दिवस गप्प केलं. बावीस फेब्रुवारीला सोडणार आहेत, गावाला येणार नाही, कुणी न्यायला येऊ नये, कुठंतरी लांब लाकडाचं काम बघून राहीन. कार्ड खिशात घालून मी रोज अम्गराच्या वर्कशॉपला जात होतो आणि रोज तसाच परत येत होतो. तुला काय लिहावं ते सुचतच नव्हतं. आता गेल्या तीन दिवसांत सांगण्यासारखं इतकं साठलंय की कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, इथल्या वाण्याच्या दुकानातून, कागदांचं अख्खं पॅड घेऊन आलो. आज सुट्टी. खोलीतले बाकीचे तिघे समुद्रावर गेलेत. मी सकाळीच देवीच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, मांडीवर फळी घेतली आणि बसलो. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. मन धावतंय आणि हात मागं राहतोय.

तिथले साहेब हे पत्र तुझ्याआधी वाचतील हे मला ठाऊक आहे. त्यांना माझा नमस्कार. पत्र लांबलचक आहे, पण वाईट त्यात काही नाही, तेवढं तुझ्यापर्यंत जाऊ द्यावं ही विनंती. पत्र इथून टपालात टाकत नाही. हुसेन रविवारी रजेवर निघतोय, तो मुंबईत उतरला की तिथल्या पेटीत टाकेल, म्हणजे बावीसच्या आत तुझ्या हातात पडेल. हुसेन म्हणजे आमचा रंगारी, राजापूर खाडीच्या पलीकडचा. गेली सात वर्षं मी लाकूड तासतो आणि तो त्यावर रंग चढवतो. तोंडाचा फटकळ आहे, मनाचा नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगायचं आहेच.

आई बरी आहे. दिवाळीनंतर तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आता ती तांदळातले खडे पुन्हा स्वतः निवडते आणि तुझ्या वहिनीनं निवडलेल्या तांदळात तिला रोज दोन खडे सापडतातच. डिसेंबरात इराकवर पुन्हा बॉम्ब पडले तेव्हा तिनं तीन दिवस जेवण टाकलं होतं. मी नाक्यावरच्या फोनवर बोलावून घेतलं आणि इथं सगळं शांत आहे, बाजार उघडे आहेत, असं सांगितलं तेव्हा कुठं पेज घेतली. आमची पोर तेजस्वी आठवीत गेली. आता मूळ गोष्ट.

आमच्या कंपनीत कॉलिन म्हणून एक साहेब आहेत, ऑस्ट्रेलियाचे. पंचावन्नचे असतील. नाक कायम लाल, आणि जानेवारीच्या गारठ्यातही अर्धी चड्डी. ते मला शत्रू म्हणतात. शत्रुघ्न त्यांच्या जिभेला जमत नाही. शत्रूचा अर्थ मी त्यांना कधी सांगितला नाही, पण ते साइटवर लांबून हाक मारतात तेव्हा आपले लोक तोंड फिरवून हसतात. तर नोव्हेंबरात हे साहेब वर्कशॉपला आले, काखेत नकाशाची गुंडाळी. म्हणाले, शत्रू, मला एक गाव करून दे. सव्वीस जानेवारी हा जसा आपला सण तसाच त्यांचाही. दोनशे वर्षांपूर्वी त्या दिवशी इंग्रजांची जहाजं तिकडच्या बंदरात लागली आणि वस्ती सुरू झाली. इथले ऑस्ट्रेलियन लोक हवल्लीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. तिथं मांडायला त्यांना ती पहिली वस्ती लाकडात हवी होती, बारा फूट लांब, सहा फूट रुंद. कामाचे तास संपल्यावर करायची, लाकूड पॅकिंगच्या खोक्यांचं.

तुला म्हणून सांगतो, इतका आनंद मला या देशात कुठल्याच कामात झाला नव्हता. इथं मी वर्षानुवर्षं एकाच मापाची दारं करतोय. आणि हे म्हणजे आपण लहानपणी नदीच्या वाळूत गाव मांडायचो तसं. बंदराचं पाणी प्लायवूडचं केलं, त्यावर हुसेननं असा निळा रंग दिला की फोरमन हरीश बोट बुडवायला गेला. टेकडी, सरकारी कोठार, कैद्यांच्या झोपड्या, विटांची भट्टी. धक्क्यावर व्यापाऱ्याचं गुदाम. ते सगळ्यांत मोठं आणि देखणं व्हायला हवं, असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं, कारण त्या गावात खरं राज्य त्या गुदामाचंच होतं म्हणे. हुसेन येताजाता टोमणे मारायचा. "सुतारानू, कुवेतात जमीन गावना म्हणून ऑस्ट्रेलियात प्लॉट पाडूक लागलात की काय?"

प्लॉट खरंच पाडायचे होते. नकाशात वरच्या अंगाला नदी होती आणि नदीच्या दोन्ही काठांना फळ्या लावल्यासारखे अरुंद पट्टे. प्रत्येक पट्ट्याचं एक टोक पाण्याला लागलेलं, कारण रस्ते नव्हते, होडी हाच रस्ता. आपल्या खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी एकेका पट्ट्यावर बोटाएवढं खोपटं चिकटवत होतो तेव्हा सहज विचारलं, ही शेतं कोणाची. साहेब म्हणाले, सुटलेल्या कैद्यांची. मला पटेना. कैद्यांना शेतं कोण देतं? तर ते वाकून नदीच्या वळणावरच्या एका पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, हा बघ, हा माझा. माझ्या पणजोबांच्या आजोबांचा. चोर होता तो, शत्रू, पक्का चोर. चर्चच्या छपरावरचं शिसं उचकटून विकलं त्यानं. सात वर्षांची शिक्षा, बेड्या घालून जहाजातून आणला. आणि हे सांगताना ते असे खुलले होते, जणू घराण्यात कुणी दिवाण होऊन गेला.

मी पटाशी खाली ठेवली. हरीशला वाटलं, मला लागलं. बाळा, चोर हा शब्द मी आठ वर्षांत तोंडातून काढला नव्हता. वाघजाईच्या देवळातली चांदीची रूपं, शिमग्याला पालखीत बसवायचे ते देवीचे मुखवटे, ती गेली आणि ती तू नेलीस हे सिद्ध झालं, तेव्हापासून आपल्या घरात तो शब्दच बंद झाला. पालखीची डागडुजी हा आपल्या घराचा मान, म्हणून देवळाची किल्ली आपल्या घरात, आणि त्याच किल्लीनं कुलूप उघडलं गेलं. रूपं पोलिसांनी मुंबईहून जशीच्या तशी परत आणली, देवीचं काही गेलं नाही. पण पडवीत कुणी चोर-पोलीस खेळणारी पोरं आली तरी तुझी वहिनी त्यांना हुसकून लावायची. आणि इथं हा माणूस, दोनशे माणसांवरचा साहेब, चर्चवर चढलेल्या आपल्या पूर्वजाचं नाव घेऊन हसत होता.

साहेबांनी मला एक पुस्तिका दिली. माझं इंग्रजी इंचा-फुटांपुरतं. इथं अबू हलीफात लीनाताई म्हणून पुण्याच्या बाई आहेत, यजमान तेलकंपनीत. त्यांच्या स्वयंपाकघराची कपाटं मी बसवत होतो. मी स्क्रू पिळायचो आणि त्या ओट्याला टेकून मला मराठीत वाचून दाखवायच्या. असे तीन शुक्रवार गेले. ऐकता ऐकता मी दोनदा दार उलटं लावलं. अरे, काय ते दिवस. पहिली दोन-तीन वर्षं खायला नव्हतं, शिधा निम्म्यावर आणला होता. कैद्यांनी झाडं तोडायची, विटा पाडायच्या, रस्ते खणायचे. पलटणीचे अधिकारीच व्यापारी झालेले. जहाज धक्क्याला लागलं की सगळा माल आपसांत उचलायचा आणि मग वाटेल त्या भावानं विकायचा. कितीतरी जहाजं आपल्या कलकत्त्याहून जायची, तांदूळ, साखर, कापड आणि रम घेऊन. नाणं फारसं नव्हतंच, रम देऊन मजुरी भागवायची. कैद्यांना त्या साहेबांच्या शेतावर कामाला जुंपायचं आणि त्यांचं पोट सरकारी कोठारातून भरायचं. आमच्या खोलीतले लोक हे ऐकून म्हणाले, आपलं बरंच आहे की मग. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो, नोकरी बदलायची तर त्यांच्याकडून रिलीजचा कागद मागावा लागतो, हे खरं. पण आपण आपल्या पायानं आलो आणि परत जायचं तिकीट आपल्याला मिळतं. मी आमची त्यांच्याशी बरोबरी केली नाही. मला तुझीच आठवण येत होती.

कारण पुढचं ऐक. ज्याची शिक्षा संपली, किंवा ज्याला माफी मिळाली, त्या माणसाला सरकार तीस एकर जमीन द्यायचं. बायको असेल तर आणखी वीस. प्रत्येक पोरामागं दहा. वर कुऱ्हाड, कुदळ, बियाणं, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत वर्षभराचा शिधा. लीनाताईंनी हे वाचलं आणि मी त्यांना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

हे काही पुण्यकर्म नव्हतं हे मलाही कळतं. त्यांना पिकवणारे हात हवे होते. आणि पुष्कळ जणांची ती जमीन दोन वर्षांत रमच्या पिंपापायी त्याच व्यापाऱ्याच्या घशात गेली. गुदाम त्यामुळंच वाढत गेलं. कॉलिन साहेबांच्या पूर्वजाची टिकली ती बायकोमुळे. तीही कैदी होती. सनदेचा कागद तिनं आपल्या गोधडीत शिवून टाकला आणि नवरा कितीही प्यायला, कितीही ओरडला, तरी ती गोधडी पांघरून बसून राहायची. हे घराण्यात सांगत आलेत. खरं-खोटं त्यांना ठाऊक. आणखी एक मनात आलं ते मी साहेबांना विचारलंच, की सरकारनं वाटली ती जमीन आधी कोणाची होती. त्यांनी नकाशाची गुंडाळी पुन्हा उलगडून बघितली. मग म्हणाले, तिथं आधीपासून राहणाऱ्या लोकांची, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. नकाशात ते लोक कुठंच नव्हते. मी झाडाच्या सालीच्या चार छोट्या होड्या केल्या, त्यांच्या होड्या तशाच असत म्हणे, आणि बंदराच्या पाण्यात सोडल्या. साहेबांनी त्या बघितल्या, काढायला सांगितलं नाही. इथं आल्यापासून माझं देवाचं करणं वाढलंय, पण दुसऱ्याचं दुःख पटकन दिसावं एवढी अक्कल अजून आलेली नाही. त्या दिवशी चार होड्यांपुरती आली.

आता मंगळवारचा सव्वीस जानेवारी. सकाळी आपल्या वकिलातीत झेंडावंदन केलं, संध्याकाळी हवल्लीला गेलो. आम्ही दोघं, मी आणि हुसेन, इस्त्रीचे शर्ट घालून. हॉलमध्ये दोन-अडीचशे माणसं, मधोमध आमचं गाव. लोक वाकून वाकून बघत होते, पोरं गुदामाचं दार उघडझाप करत होती. साहेबांनी माइकवर माझं नाव घेतलं, मग विचारलं, ज्यांच्या घराण्यात कैदी होऊन गेला त्यांनी हात वर करा. चाळीसेक हात वर गेले आणि टाळ्या पडल्या. एक बाई हिरमुसल्या होऊन सांगत होत्या की आमच्याकडे सगळे पाद्रीच, आणि लोक त्यांची कीव करत होते. हुसेन माझ्या कानाशी म्हणाला, "आता काय बोलायचा? घराण्यात चोर नसलो तर माणसाक लाज वाटाची पाळी." मी हसायला गेलो आणि हसता येईना.

मग साहेब आमच्याकडे आले, हातात सरबताचा ग्लास. सहज विचारलं, शत्रू, तुझ्या घरी कोण कोण असतं? हा प्रश्न मला इथं शंभर वेळा विचारला गेलाय आणि शंभर वेळा मी सांगितलंय, आई, बायको, मुलगी. त्या दिवशी पुढचं आपसूक आलं. एक धाकटा भाऊ आहे, तुरुंगात आहे. इंग्रजीत म्हणालो म्हणून जमलं असेल. हुसेन शेजारीच उभा होता. कॉलिन साहेबांनी डोळे मोठे केले नाहीत, माझ्या पाठीवर हातही ठेवला नाही. बांधकामाची तारीख विचारावी तसं विचारलं, कधी सुटतोय? म्हटलं, पुढच्या महिन्यात. मग म्हणाले, त्याला जमीन कुठली देतोयस?

बाळा, तुला द्यायचं काही असतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आठ वर्षं मी फक्त तुझ्यामुळं काय काय गेलं याचीच उजळणी करत होतो. साहेब पुढे दुसऱ्या कुणाशी बोलायला गेले. मी हुसेनकडे बघितलं, म्हटलं, आता हा काहीतरी बोलणार. परतताना बसमध्ये तो बोलला. "आठ वर्सा झाली, राजापूर तालुक्यात देवीची रूपा चोरीक गेली. ती कोणी नेली ता माका ठाव नाय, असा वाटला तुमका? खाडी काय समुद्र आसा?" मी विचारलं, मग एवढी वर्षं बोललास का नाही. तर म्हणाला, "तुमी सांगशात म्हणून थांबलंय. माणसाच्या घरातली गोष्ट माणसानंच काढूची." सात वर्षं एका पातेल्यातला चहा प्यालो आम्ही.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी पुन्हा वकिलातीत गेलो आणि तुझ्या वहिनीच्या नावे मुखत्यारपत्र करून घेतलं. वरच्या माळावरची दोन एकर, काजूच्या बागेपासून जुन्या विहिरीपर्यंत, ती तुझ्या नावे होणार. तीस एकर माझ्याकडे नाहीत, आपल्या अख्ख्या वाडीची मिळून होतील की नाही देव जाणे. पण माळाला लागून आता डांबरी रस्ता झालाय, वीज आली आहे, विहिरीला मे महिन्यातही गुडघाभर पाणी असतं. रस्त्याच्या कडेला वर्कशॉपची शेड टाकली तर तीन गावांतून काम येईल. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, हे बाबा मला ऐकवून ऐकवून गेले. मी इथून यंत्राचा रंधा पाठवतोय. साग, काजू, काय लावायचं ते तू ठरव. आणि लग्न केलंस तर वाढीव जमीन कुठून आणायची याची मला आत्तापासून चिंता आहे. एक्केचाळीस म्हणजे काही फार नाही. यातलं काहीही गावात येण्याच्या अटीवर नाही. तू नाही आलास तरी ती तुझीच. सातबाऱ्यावर तुझं नाव राहील.

बुधवारीच संध्याकाळी आईला फोनवर बोलावलं. म्हटलं, माळ बाळाच्या नावे करतोय. ती म्हणाली, पुन्हा सांग, आणि मी पुन्हा सांगितलं. मग तिनं मला झापलं. "आज सुचला तुका? तो आदी माजो झील, देवळाचो चोर मागसून. मी आठ वर्सा ह्याच सांगी होतंय, पण तुज्या कुवेताक काय ऐकाक येय नाय." मागून फोनवाल्या मुलाचा आवाज आला, आजी, हळू बोला, न ओरडताही फोन चालतो.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगतो. त्र्याण्णवच्या शिमग्याला मी पहिल्यांदा रजेवर आलो होतो. पालखी बाहेर काढण्याआधी देवळाचे मुख्य मानकरी म्हणून गावकरांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. आपल्या घराचा मान काढून घ्यावा, खालच्या वाडीच्या सुतारांना द्यावा, अशी कुजबुज गावात होतीच. गावकरांनी नारळ हातात घेऊन सगळ्यांदेखत विचारलं, सुताराचं घर देवीच्या चाकरीला उभं आहे, या घरात कोण कोण आहे ते घरानं सांगावं. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. मी हात जोडले आणि म्हणालो, मी एकटाच, म्हाराजा. आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, व्हय म्हाराजा. तू जिवंत असताना, सह्याद्रीच्या पलीकडे सतरंज्या विणत असताना, मी देवीसमोर तुला नाहीसं केलं आणि गावानं त्यावर होकार दिला. त्या वर्षी पालखी माझ्याच खांद्यावर होती. मान राहिला. त्यानंतर दोन रजा मी शिमगा टाळून काढल्या. लोकांना वाटलं, कंपनी सोडत नाही. इथं रोज उदबत्ती लावतो तेव्हा फोटोतली देवी काही म्हणत नाही, पण मी तिला माझ्या घरात कोण कोण आहे ते कधी सांगत नाही.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आणि अकरा कागद जे टाळत आलो. नव्वद साली इराकी फौजा इथं शिरल्या तेव्हा दोन महिने माझा पत्ता नव्हता. मी एका शाळेच्या इमारतीत शंभर माणसांबरोबर होतो, मग बसनं वाळवंट ओलांडून अम्मानला, आणि तिथून सरकारच्या विमानानं फुकटात मुंबईला. तुला हे कसं कळणार? तुला मुंबईत एक एजंट भेटला, म्हणाला, पैसे मोज, यादीत नाव घालून भावाला आणून देतो, आणि तू गावी येऊन देवळाचं कुलूप काढलंस. मी घरी पोचलो तेव्हा तू कोठडीत होतास आणि एजंट पळालेला होता. आईनं मला पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं. कोर्टात तू गुन्हा कबूल केलास आणि दारूसाठी चोरली म्हणालास, ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही तो तू. माझ्या पासपोर्टाला लफडं नको म्हणून. मी दुसऱ्या बाकावर बसलो होतो. उठून उभं राहायला चार पावलांचं अंतर होतं, पण मी उठलो नाही, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा विमानात बसलो. हे सगळं मी गावकरांना लिहिलंय, सही करून, आणि देवळात सगळ्यांपुढे वाचावं असं वर लिहिलंय. ते पाकीट हुसेन स्वतः त्यांच्या हातात देणार आहे. गाव काय म्हणेल, मान राहील की जाईल, मला माहीत नाही आणि त्यासाठी मी थांबणार नाही. साहेबांनी रजा दिली, पासपोर्ट काल हातात आला. कुणी न्यायला येऊ नये असं तू लिहिलंस, ते मी ऐकणार नाही. बावीस तारखेला सकाळी सातपासून मी फाटकासमोरच्या चहाच्या गाडीशी उभा असेन. केस सगळे पांढरे झालेत, चष्मा लागलाय, ओळखायला वेळ लागेल. ओळखल्यावर तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, दुसऱ्या दिशेला चालू लाग. मी मागून येईन. फक्त जरा हळू चाल, माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

तुझाच,
दादा